डुप्लिकेटची हाक

आमच्या धाकट्या दिरांना त्यांच्या नावाने फारसं कुणी ओळखत नसे. सगळे डुप्लिकेट म्हणत. ओळखपाळख नसलेला माणूससुद्धा लॉंड्रीच्या दारात उभा राहून "डुप्लिकेट आहेत का?" असं विचारायचा, आणि भावजी वाफेची इस्त्री स्टँडवर टेकवून "ओ" द्यायचे. चिडायचे नाहीत. कधी कुणी खऱ्या नावाने बोलावलंच, तर आधी मागे वळून बघायचे, दुसऱ्याच कुणाला बोलावलंय असं वाटून.

हे नाव पडलं ते गाण्यामुळे. समुद्रापलीकडे चौघांचा एक बँड होता. त्यांचं जगभर नाव होतं, पण आमच्या सरकारने परदेशी तबकड्यांना बंदी घातलेली. रेडिओवर ती गाणी लागत नसत. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्याने कुण्या खलाशाकडून त्यांची एक तबकडी मिळवली आणि स्वस्तातल्या कॅसेटवर सगळी गाणी उतरवून विकायला सुरुवात केली. त्या एका तबकडीची पोरंबाळं गावातल्या घराघरांत पोचली. आमच्याही घरी होती. देवाचं नाव घेऊन दिवसाला सुरुवात करावी, तर माळ्यावरून भावजींचा टेप आधीच सुरू झालेला असायचा. एका परीने माझी प्रार्थनाही त्या ठेक्यावरच व्हायची म्हणा ना.

भाषा कुणालाच कळत नव्हती. पण त्यातलं एक गाणं गावाने आपलंसं केलं होतं. त्याच्या शेवटी वाद्यं थांबायची आणि गायक एकटाच वर, खूप वर, एक सूर लावायचा. बारीक, धारदार, ताणलेल्या तारेसारखा. दरीपलीकडच्या माणसाला कुणी हाक मारावी तसा. म्हणून त्याला सगळे हाकेचं गाणं म्हणत. भावजी ते शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये हुबेहूब कॅसेटसारखं म्हणायचे, म्हणून डुप्लिकेट. हाकेची वेळ आली की जेवणारे चमचे खाली ठेवत, वेटर ताटं हातात धरून भिंतीला टेकत. मीही एकदोनदा ऐकलं आहे. भावजी डोळे मिटायचे, मान मागे न्यायचे, गळ्याच्या दोन शिरा दोरीसारख्या वर यायच्या, आणि तो सूर लागायचा. अंगावर काटा यायचा, खोटं का बोलू.

एरवी ते आमच्याच लॉंड्रीत कपडे दाबायचे. आधी कॉलर, मग खांदा, मग बाही, शेवटी पाठ. मी शेजारी बसून तुटकी बटणं लावायची आणि कपड्यांना खुणेच्या दोऱ्याने चिठ्ठ्या टाचायची. गल्ल्यावर आमचे हे बसत. ह्यांचा स्वभाव हसरा, म्हणजे दुसऱ्यावर हसण्याचा. गिऱ्हाईक आलं की मागे बोट दाखवायचे. "गाणं ऐकायचंय का? एक शर्ट टाका, बाहीला इस्त्री होईपर्यंत एक कडवं होतं."

"दादा, कपडे दे इकडे," भावजी एवढंच म्हणायचे.

त्यांचा गळा मात्र कुरकुरायला लागला होता. शनिवारचं गाऊन आले की रविवारी आवाज घोगरा, सोमवारी अर्धा, बुधवारपर्यंत कुठे ठिकाणावर. पुढे पुढे रुमालावर तांबूस डाग दिसायला लागले. मी ते थंड पाण्यात भिजवायची. रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो, हे लॉंड्रीवाल्याच्या बायकोला वेगळं शिकवावं लागत नाही. धाकटीला, म्हणजे माझ्या जावेला, तो दिसू नये एवढीच धडपड. पण नवऱ्याचे रुमाल बायकोपासून किती लपणार. तिनेच त्यांना ओढत गळ्याच्या डॉक्टरकडे नेलं, आणि सोबत मलाही.

डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं. "गाठी आहेत. तुमचा गळा खालच्या पट्टीतला आहे हो. इतकं वर कशाला चढवता?"

"मूळ गाणंच तिथे आहे, डॉक्टर."

"मग ज्याचं आहे त्याला म्हणू दे. तुम्ही असा जोर परत लावलात तर तिथे फाटेल. मग गाणं सोडा, बायकोशी भांडायलाही आवाज उरणार नाही."

येताना धाकटी रडत होती आणि भावजी तिची समजूत काढत होते. "अगं, तो माझ्याहून वयाने मोठा आहे. रोज गातो, गावोगाव गातो. त्याच्या गळ्याला काही होत नाही. म्हणजे खोट माझ्यात आहे. माझीच मेहनत कमी पडते." आणि घरी येऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसले. त्यांचा त्या परदेशी गायकावर जो विश्वास होता, तो मी देवळात येणाऱ्या माणसांतही क्वचित बघितला आहे.

अशातच सरकार बदललं, बंदी उठली, आणि भिंतीभिंतींवर कागद चिकटले. ते चौघे येणार. आमच्या देशात पहिल्यांदा, आणि तेही आमच्याच मैदानावर. गावात तर कुणाचे पाय जमिनीवर राहिनात.

कार्यक्रमाच्या ठेकेदाराने त्यांच्या पोशाखांच्या दोन पेट्या आमच्याकडे पाठवल्या. पोशाख जहाजातून चुरगळून आले होते. पेट्यांमागून तो स्वतः आला, मोठ्याने बोलणारा, सतत मान पुसणारा. भावजींकडे बघून म्हणाला, "अरे, तू तो हॉटेलातला डुप्लिकेट ना! हाकवाला! मग कपडे तूच घेऊन ये मैदानावर. दुपारी त्यांची तालीम असते. मी ओळख करून देतो. म्हण त्यांच्यासमोर. त्यांनाही कळू दे आपल्याकडे काय चीज आहे."

भावजींच्या हातात हँगर होता. त्यांनी तो हळूच खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी एकही शर्ट दाबला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते बोलायचे बंद झाले. आवाज राखायचा होता. पोरांची असते तशी एक पाटी गळ्यात अडकवली आणि खडूने लिहायला लागले. धाकटी मला म्हणाली, "ताई, लग्नापासून पहिल्यांदा घर शांत आहे. आणि मला झोप म्हणून लागत नाही."

माझ्यासमोरच तिने त्यांना विनवलं. "नका ना गाऊ. ते ऐकतील आणि निघून जातील. घरात माझ्याशी बोलायला कोण राहील?"

त्यांनी लिहिलं, 'एकदाच.'

"एकदा गाऊन काय मिळणार आहे?"

त्यांनी आधीचं पुसलं. मग लिहिलं, 'त्याने बरोबर आहे म्हणायला हवं. बस.' आणि ते वाचून झालं तरी पुसलं नाही.

आमच्या ह्यांना या पाटीने नवं खेळणं मिळालं. एकदा भावजी पाटी खुंटीला लावून वाफेचं पाणी भरत होते, तेव्हा ह्यांनी तीवर लिहिलं, 'मुक्या प्राण्यांना खाऊ घालू नये', आणि गिऱ्हाइकांना दिसेल अशी फिरवून ठेवली. जो येईल तो वाचून आधी पाटीकडे, मग भावजींकडे बघून हसायचा. भावजीही मान डोलावून हसायचे. त्यांना वाटलं, लोकांना आनंद झालाय, कार्यक्रम जवळ आलाय म्हणून. मी चहा घेऊन आले तेव्हा ती बघितली आणि पदराने पुसली. "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" असं ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "अगं, तो काय बोलणार आहे थोडाच!"

मी माझ्या परीने एकच करू शकत होते. रोज सकाळी हात जोडून म्हणायची, देवा, त्या माणसासमोर एकदा तरी यांचा आवाज नीट लागू दे.

मैदानावर आम्ही चौघंही गेलो. टेम्पोत मागे दांडीला कपडे टांगले होते, प्रत्येकावर पातळ कागद. त्यातला गायकाचा काळा कोट भावजींनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मैदानात लोखंडी नळ्यांचं एक घरच उभं राहिलं होतं. फळ्या ठोकणारे सुतार, पायात गुंतणाऱ्या केबली, आणि दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेले घराएवढे उंच स्पीकर.

तो गायक मला ओळखूच आला नाही. कोपरावर विरलेला स्वेटर घातलेला, डोक्यावर केस थोडेच राहिलेले, पायरीवर बसून केळं खात होता. मला वाटलं, सुतारांपैकीच कुणी असेल. ठेकेदाराने दुभाषी बाईंना पुढे ढकललं. त्या चांगल्या शिकलेल्या, नीटनेटक्या, प्रत्येक शब्द तोलून बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं, हा माणूस आयुष्यभर तुमचीच गाणी गातो. गायकाने हात स्वेटरला पुसला, भावजींचा हात हातात घेतला आणि तसाच धरून त्यांना वर नेलं. माणूस मनाने वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात वाईट असं कुणीच काही केलं नाही.

वाद्यं सुरू झाली. हाकेचंच गाणं होतं, पण आजारातून उठलेल्या माणसासारखं. जड, हळू, खालच्या आवाजात. धाकटीने माझं मनगट धरलं. "ताई, हे असं काय वाजवतात?"

भावजी माइकसमोर उभे होते. शब्द उचलायची जागा आली आणि गेली. त्यांनी मागे वळून बघितलं. गायकाने हाताने, परत परत, अशी खूण केली. पुन्हा वाजलं, पुन्हा जागा निघून गेली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि आपल्या पट्टीत सुरुवात केली. म्हणजे आमच्या पट्टीत. कॅसेटच्या. शेजारच्या दोन घरांत दोन वेगळे रेडिओ लागावेत तसं ऐकू यायला लागलं. एकेक वाद्य थांबत गेलं. ड्रम वाजवणारा तर असा हसला की त्याच्या हातातली काठी घरंगळत फळ्यांखाली गेली.

दुभाषी बाई म्हणाल्या, "ते विचारताहेत, इतक्या वर का गाताय?"

भावजी कितीतरी दिवसांनी बोलले. "त्यांना सांगा, ते गातात तिथेच गातोय."

बाईंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि वर एकच हशा उसळला. गायकाच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी उजाडल्यासारखं झालं. त्याला वाटलं, ही नक्कल आहे, मुद्दाम बसवलेली. आमच्याकडची थट्टा. त्याने टाळ्या वाजवल्या, गिटारवाल्याला काही सांगितलं, गिटारवाल्याने सूर चढवायला तारांवर एक चाप वर सरकवून बसवला, आणि सगळ्यांनी गाणं चढ्या पट्टीत, भराभर वाजवायला घेतलं.

आणि तिथे आमचं गाणं आलं. धाकटीने माझं मनगट सोडलं. भावजी गायला लागले, आणि मी देवाशपथ सांगते, हॉटेलात कधी असे गायले नव्हते. इतके दिवस राखलेला सगळा आवाज एका ठिकाणी गोळा झाला होता. वाद्यं थांबली. त्यांनी मान मागे नेली आणि हाक लावली. ठोकणारे हातोडे थांबले. नळीवर चढलेला एक माणूस तसाच नळीला बिलगून राहिला. एवढ्या मोठ्या मैदानात तो सूर पार पलीकडच्या झाडांपर्यंत जाऊन आला.

मी मागितलं होतं ते देवाने अगदी शब्दाला शब्द धरून दिलं. त्या माणसासमोर, एकदा, नीट. त्यापुढचं मी मागितलंच नव्हतं.

ते चौघे हसून हसून वाकले. गायक डोळे पुसत पुढे आला आणि त्याने भावजींना मिठी मारली. दुभाषी बाई जरा घुटमळल्या, पण काम म्हणजे काम. "ते म्हणताहेत, इतकी मजा त्यांना कुठल्याच देशात आली नाही. म्हणताहेत, अगदी डब्यात अडकलेल्या उंदरासारखं."

आमच्यापैकी हसणारे एकटे आमचे हे.

भावजींनी घाम पुसला. त्यांच्या तोंडून जेमतेम शब्द निघाले, "बरोबर होतं का, विचारा."

बाईंनी विचारलं. गायकाने खांदे उडवले, विचार केला, आणि प्रेमाने भावजींची पाठ थोपटत उत्तर दिलं. बाईंनी ते खालच्या आवाजात सांगितलं. "ते म्हणताहेत, बरोबर कसं असेल? हे आमचं गाणंच नाही. पण तुम्ही फार विनोदी आहात."

भावजी खाली उतरले. त्यांनी खोकून रुमाल तोंडाला लावला आणि घडी घालून खिशात ठेवला. धाकटी काहीतरी विचारत होती. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, ओठ हलले, आणि आतून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. वहिनी, बघा, झालं एकदाचं, असं काहीसं ते हसणं होतं.

मैदानाच्या फाटकाबाहेर कॅसेटवाल्याने चादर पसरून दुकान मांडलं होतं. धाकटी तीरासारखी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आम्ही तिच्या मागोमाग.

"तू आम्हाला कुठलं गाणं विकलंस?"

"हेच की."

"मग ते हळू का म्हणतात? खाली का म्हणतात?"

कॅसेटवाल्याने मान खाजवली. "त्याचं असं आहे वहिनी, तबकडी लांब, माझी कॅसेट आखूड. शेवटची दोन गाणी बाहेर राहायची. मग उतरवताना मशीनवर तबकडी जरा जोरात पळवली. पळवली की माल बसतो. धंद्यात सगळेच करतात."

"आणि आवाज?"

"चढतो ना थोडा. पळवल्यावर चढणारच. मला वाटलं, कुणीतरी ओरडेल. इतकी वर्षं विकतोय, एकानेही परत आणली नाही. उलट हाक काय लावली आहे म्हणून दुसरी घेऊन गेले."

भावजी मागेच उभे होते. त्यांनी वाकून चादरीवरची एक कॅसेट उचलली, उलटसुलट करून बघितली, आणि ओळीत सरळ परत ठेवली.

आमच्या ह्यांना सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा ते टेम्पोच्या पायरीवर बसलेच. "म्हणजे तू त्या गवयाचा डुप्लिकेट नव्हतासच! अरे, तू कॅसेटवाल्याच्या मशीनच्या मोटारीची नक्कल करत होतास! मोटारीची!" आणि मांडीवर थापा मारत हसत राहिले. कॅसेटवालाही हसला, जरा ओशाळून.

धाकटी म्हणाली, "घरी चला." पण काळा कोट गायकाच्या अंगावरून उतरेपर्यंत मैदानावरच थांबायचं, असं ठेकेदाराने बजावलं होतं. एखादी चुणी पडली तर इस्त्रीवाला हवा. तेव्हा आम्ही रंगमंचाच्या बाजूला, पडद्यामागे बसून राहिलो.

ऊन कलतं होतं तेव्हाच मैदान भरलं. झाडांवर माणसं, भिंतींवर माणसं. चौघे आले तेव्हा जो आवाज उठला, त्याने फळ्या थरथरल्या. पण पहिल्या दोन गाण्यांतच लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, "झोपलात का रे?" शिट्ट्या झाल्या. लोकांना वाटलं, आपल्याला गावंढळ समजून हे अंगचोरपणा करताहेत. हाकेचं गाणं सुरू झालं तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. एवढा जमाव श्वास रोखून शेवटाची वाट बघत होता. वाद्यं थांबली. गायकाने डोळे मिटले आणि खालच्या, मऊ सुरात, जवळच्या माणसाच्या कानात सांगावं तसं काहीतरी म्हटलं. आणि गाणं संपलं.

मला ते आवडलं. पण मैदानाला नाही.

"हाक! हाक!" पुढच्या रांगांतून सुरू झालं. मग कुणीतरी वेगळं ओरडलं, आणि ते वणव्यासारखं मागेपर्यंत गेलं. "डुप्लिकेट! डुप्लिकेट! डुप्लिकेट!" हजारो माणसं पाय आपटून त्यांना बोलावत होती. त्या परदेश्याला नको, आमच्या दिरांना.

भावजी पडद्याआड उभे राहून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

ठेकेदार धावत आला. "चल, चल, साहेब स्वतः बोलावताहेत. खूश आहेत तुझ्यावर."

भावजींनी गळ्याकडे बोट केलं, मान हलवली.

"त्यांचा आवाज गेलाय हो!" धाकटी म्हणाली. "दुपारीच गेलाय. तुमच्यासमोर गेला."

"बाई, ही नखरे करायची वेळ नाही. लोक फळ्या काढतील. नुसती एक हाक मारायची आहे, त्याला कसला आलाय आवाज?" त्याने दोन माणसांना खूण केली. त्यांनी दंडाला धरलं. धाकटीने बाही सोडली नाही. खांद्याची शिवण टर्रकन उसवली, बाही तिच्या हातात अर्धी राहिली, आणि भावजी उजेडात गेले.

तसा गजर त्या चौघांच्याही वाट्याला आला नव्हता. गायक हसत पुढे आला, स्वतःचा माइक त्याने भावजींच्या तोंडापुढे धरला. गिटारवाल्याने चाप चढवला. गाणं सुरू झालं, आमच्या पट्टीत, आमच्या वेगात, आणि मैदान खुळं झालं. भावजींनी तोंड उघडलं.

घराएवढ्या त्या स्पीकरांतून श्वास ऐकू आला. नुसता श्वास. इस्त्री उचलल्यावर वाफ निघते तसा, फुस्स.

लोकांना आधी कळलं नाही. मग पुढे कुणीतरी ओरडलं, "पंक्चर!" आणि हसू पसरलं. गायकाला वाटलं, दुपारच्या थट्टेचाच हा पुढचा भाग आहे. तोही पोट धरून हसला आणि लोकांना टाळ्या वाजवायच्या खुणा करायला लागला. तेवढ्यात एक कागदी पेला आला, मग एक चप्पल आली. "पैसे घेऊन फसवतो काय रे!" असंही कुणी ओरडलं. भावजींनी कुणाकडून कधी पैसे घेतले होते देव जाणे. ते हलले नाहीत. प्रत्येक ओळीला त्यांचे ओठ हलत होते, प्रत्येक ओळीला फुस्स येत होतं, आणि हाकेच्या जागी त्यांनी मान मागे नेली, शिरा वर आल्या, आणि काहीच आलं नाही. गाणं अर्धवट टाकून जायची त्यांना सवय नव्हती.

आमचे हे पडद्यामागे तेव्हा हसत नव्हते. एवढंच म्हणाले, "उद्यापासून लॉंड्रीत मला काय काय ऐकावं लागणार!"

गळ्याच्या डॉक्टरांनी पुढे दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा येऊ नका म्हणाले. आवाज आला नाही. जुनं नाव जाऊन पंक्चर हे नाव पडलं. कॅसेटवाल्याने नवी मशीन आणली, गाणी मूळ वेगात उतरवली आणि वर 'असली' असं छापलं. ती कुणी घेईना. लोक आपली जुनीच मागायचे, तेव्हा त्याने पुन्हा जुनीच काढायला घेतली. हॉटेलात आता शनिवारी तीच कॅसेट लावतात, आणि हाकेच्या वेळी लोक अजून चमचे खाली ठेवतात, असं ऐकते.

भावजी कपडे दाबतात. पूर्वीपेक्षा जास्त, कारण आता मध्येच थांबून गुणगुणणं नाही. मूक झालेल्या माणसाला ऐकूही येत नसणार असं लोक धरून चालले आहेत, याला काय करावं मला समजत नाही. शर्ट घ्यायला आलेली माणसं त्यांच्याशी हातवारे करून, ओरडून बोलतात. नाहीतर त्यांच्यासमोरच, ते भिंतीला टांगलेल्या शर्टांपैकीच एक असावेत तसं, त्या दिवसाचं बोलतात.

परवा एक नवं बिऱ्हाड आलंय, त्या घरचा माणूस कपडे न्यायला आला. बरोबर आमचं जुनं गिऱ्हाईक होतं. ते त्याला सांगत होतं, "हाच तो. मैदानावर फजिती झाली ती याची. खरं सांगू का, याला गाता कधी येतच नव्हतं. हॉटेलात मागे कॅसेट लावून नुसते ओठ हलवायचा. त्या दिवशी कॅसेट नव्हती, पकडला गेला."

"असं होय," नवा माणूस म्हणाला. "वाटलंच."

भावजी कॉलर दाबत होते. हात थांबला. गल्ल्यावर त्या दिवशी धाकटी होती. ती म्हणाली, "त्यांना ऐकू येतं."

"हो का?" नवा माणूस दचकला. मग भलेपणाने पुढे झाला, भावजींच्या कानाशी वाकला आणि लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द तोडून ओरडला, "छान! दाबता! हं! कपडे!"

भावजींनी मान हलवली, शर्टाची घडी घातली, वर कागद गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.